गावच्या रेडिओवरचा कबड्डीचा तास ऐकवत नाही, काय सुधारायचं?

कोपरारक्षक: तालुक्यातलं सामुदायिक रेडिओ केंद्र, 100 वॅटचं. रविवारी तासभर कबड्डीवर गप्पा असतात, स्पर्धा असली की थेट समालोचन. तक्रारी तीन. फोनवाल्याचं बोलणं कळत नाही आणि त्याला स्वतःचाच आवाज मागून येतो. समालोचनावर मैदानातला भोंगा चढतो. आणि गुण किती झाले ते विचारायला लोक केंद्रावर फोन करतात. सामान म्हणजे छोटा मिक्सर, दोन डायनॅमिक माइक. नवीन खरेदी होणार नाही.

फेडरवाला: आधी फोन. साध्या कॉलमधून 300 ते 3400 हर्ट्झ एवढंच येतं. स, फ यांची ओळख बरीचशी त्याच्या वर असते, म्हणून 'सणस' आहे की 'फणस' कळत नाही. दोन्हीकडे व्होल्टीई (फोर-जीवरचा स्पष्ट आवाजाचा कॉल) लागलं तर बराच फरक पडतो. फोन टू-जीवर घसरला की मिक्सरमध्ये टर्र-टर्र येतं. फोन वायरींपासून हातभर लांब ठेवा.

स्वतःचा आवाज परत येतो कारण तुम्ही त्याला पूर्ण मिक्स पाठवताय. ऑक्समधून (मिक्सरची वेगळी जादा आउटपुट, तिच्यात कोणता आवाज किती जाईल ते प्रत्येक चॅनेलवर ठरवता येतं) पाठवा: निवेदक आणि पाहुण्याच्या चॅनेलचा ऑक्स उघडा, फोनच्या चॅनेलचा शून्यावर. यालाच मिक्स-मायनस म्हणतात. फोनचं माइक इनपुट नाजूक असतं, मिक्सरचा जोरदार लाइन सिग्नल थेट दिला की आवाज फाटतो. मधे 40 डीबीचं अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लागेलच, तेवढी एक खरेदी करा. आणि फोनवाल्याला घरातला रेडिओ बंद करायला सांगा, ऑन-एअर घेण्याच्या आधी.

भोंग्याचं सोपं आहे. समालोचकाचं टेबल भोंग्याच्या तोंडासमोर नको, मागे हवं. माइक ओठांपासून चार बोटांवर, स्पंजसकट, लो-कट (खालची घरघर कापणारं बटण) चालू. दुसरा माइक प्रेक्षकांकडे वळवून समालोचकाच्या आवाजापेक्षा साधारण 12 डीबी खाली. पातळी ठरवताना समालोचकाला लोण पडल्यासारखं (अख्खा संघ बाद झाल्यासारखं) ओरडायला लावा. नेहमीच्या बोलण्यावर पातळी लावली की नेमक्या रंगतदार क्षणी फाटतं.

निदानरेषा: गुणांचा प्रश्न माइकचा नाही, सवयीचा आहे. अमेरिकेतले बेसबॉलचे समालोचक रेड बार्बर समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचे. वाळू संपली की धावसंख्या सांगायची. कबड्डीत तीन मिनिटं फार झाली. चढाई 30 सेकंदांची, म्हणजे तेवढ्यात सहा चढाया आणि एखादं लोण. दर दोन चढायांनी संघाच्या नावासकट गुण सांगा. 'आठ-अकरा' म्हणालात तर मधेच रेडिओ लावणाऱ्याला काय कळणार कोण पुढे आहे?

चढाई सुरू होण्याआधी तीन गोष्टी: कोण निघाला, समोर किती जण, कितवी चढाई. 'समोर पाच' म्हटलं की जाणकाराला कळतं, बोनस रेषेचा जादा गुण मिळणार नाही. 'समोर तीन' म्हणजे बचाव करणाऱ्यांना अव्वल पकडीची (सुपर टॅकलची) संधी. आधीच्या दोन चढाया कोऱ्या गेल्या असतील तर आता गुण आणायचा नाहीतर बाद व्हायचं, हे आधी सांगितलं तरच श्रोता श्वास रोखतो. मग जागा: डाव्या कोपऱ्यावर गेला, निदानरेषा (परतण्याआधी चढाईपटूने ओलांडायची रेषा) ओलांडली, बोनसला पाय टाकला. 'अप्रतिम! जबरदस्त!' यातून काहीच दिसत नाही.

गप्पांमध्येही तोच आजार. पाहुण्याला 'कसं वाटतंय?' विचारलं की 'छान वाटतंय' हेच येणार. गुणपत्रक समोर ठेवून विचारा: 'शेवटच्या चार मिनिटांत आघाडी असताना चढाईपटूने 30 सेकंद का नाही काढले?' फोनवाल्याशी आधी अर्धा मिनिट बोला: नाव, गाव, एकच प्रश्न.

शिट्टी: नियमांचंही बघा. स्थानिक सामन्याचं थेट समालोचन चालतं, पण त्याच्या आडून तालुक्याचं राजकारण नको. प्रसारणाची रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावी लागते. तीच परत ऐका, गुण किती वेळा सांगितले ते मोजा.

कोपरारक्षक: मिक्सरवर एकच ऑक्स आहे, वर 'इफेक्ट' लिहिलंय. चालेल?

फेडरवाला: चालेल. तो बहुधा पोस्ट-फेडर असतो, म्हणजे निवेदकाचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची कळ) खाली आला की फोनवाल्यालाही तो ऐकू येणं बंद. कॉल चालू असताना तो फेडर हलवू नका. आणि इफेक्टचा रिटर्न (घुमवलेला आवाज मिक्समध्ये परत आणणारी कळ) बंद करा, नाहीतर दोघंही विहिरीतून बोलल्यासारखे वाटतील.