वाडी (नागपूर): वादळात गोदामाचं छत उडालं, विम्याचा सर्व्हेअर (नुकसान मोजणारा) परवा येतोय. किती हाती येईल? (मदत हवी)

पुठ्ठेवाला_वाडी
अमरावती रोडच्या आतल्या गल्लीत 40×60 फुटांचं शेड आहे. पश्चिम उतारावरचे 11 पत्रे उडाले, 3 पर्लिन (पत्र्याखालचे आडवे आधार) वाकल्या, आत कोरुगेटेड (नागमोडी पुठ्ठ्याच्या) बॉक्सचा माल भिजला. 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी आहे: इमारत 8 लाख, माल 6 लाख. एक्सेस (क्लेममधला आपण सोसायचा भाग) 5%, किमान 10,000. दुरुस्तीचं कोटेशन 1,50,000. भिजलेला माल 90,000 चा, रद्दीत 20,000 येतील. एकूण माल 6.5 लाखांचा होता. शेड आज बांधायला 12 लाख लागतील. पत्रे लगेच बसवू का?

क्लेमवाला
पत्रे बसवू नका, पण उरलेला माल मात्र आजच ताडपत्रीखाली घ्या. नुकसान वाढू न देणं ही तुमचीच जबाबदारी आहे. ताडपत्री आणि हमालीची बिलं ठेवा, वाजवी खर्च मागता येतो. उडालेले पत्रे, वाकलेल्या पर्लिन, भिजलेले बॉक्स सर्व्हे होईपर्यंत भंगारात द्यायचे नाहीत. गठ्ठे मोजून तारखेसह फोटो काढा. विमा कंपनीला कळवल्याचा क्लेम नंबर हाती आहे ना?

आता हिशेब. या पॉलिसीत विमा रकमेतली तूट, म्हणजे खऱ्या किमतीपेक्षा विमा कमी असणं, 15% पर्यंत माफ असते. तुमचा माल 6.5 लाखांचा, विमा 6 लाखांचा, तूट 8% च्या आतच. तिथे कपात नाही: 90,000 वजा 20,000, म्हणजे 70,000. इमारतीत मात्र तूट 33%. तिथे प्रमाण लागणार: 1,50,000 × 8/12 = 1,00,000. बेरीज 1,70,000, तिचे 5% म्हणजे 8,500, पण किमान 10,000 जातील. साधारण 1,60,000 धरा, त्यातून जुन्या पत्र्याच्या भंगाराची किंमत आणखी वजा. पन्नास हजारांचा फटका पत्र्यांनी नाही, जुन्या विमा रकमेने दिलाय.

हिशेबनीस_धंतोली
जीएसटीचा मुद्दा विसरू नका. नष्ट झालेल्या मालावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल तर ते उलटवावं लागतं, जीएसटी कायद्याचं कलम 17(5)(h) पाहा. उलटवलेली रक्कम क्लेममध्ये मागा, सीएचं प्रमाणपत्र जोडा. मात्र रद्दीत विकला जाणारा माल 'नष्ट' धरायचा का, हे आधी सीएशी बोला. स्टॉक रजिस्टर आणि खरेदी बिलं जुळली नाहीत तर 90,000 चे 60,000 व्हायला वेळ लागत नाही.

पुठ्ठेवाला_वाडी
भाऊ, सर्व्हेअर फोनवर म्हणाला, 'छत आधीच गळत होतं का?' हे का विचारलं?

क्लेमवाला
वादळाने छत फोडलं आणि त्या भोकातून पाणी आलं तर क्लेम बसतो. जुन्या फटीतून पाणी झिरपलं तर बसत नाही. म्हणून उघड्या भागाच्या बरोबर खाली भिजलेल्या मालाचे फोटो हवेत. छतासकट एकाच फ्रेममध्ये. हवामानाच्या नोंदीसाठी सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडे अर्ज करा. पण वाडीतला झोत तिथे नोंदला गेलाच असेल असं नाही, म्हणून शेजारची पडलेली झाडं, खांब, त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी, सगळं जोडा. तलाठ्याचा पंचनामा मिळाला तर चांगलंच. गोदामाला सरकारी मदत मिळेल असं मात्र धरून बसू नका. आपत्ती निधीच्या 2022-26 च्या निकषांतले 6,500 रुपये हे अंशतः पडलेल्या पक्क्या घरांसाठी होते.

शेड_फिटर_हिंगणा
वादळाच्या वेळी पश्चिमेचं शटर उघडं होतं का? बहुतेक असणार. वारा आत शिरून पत्र्याला खालून ढकलतो, वरून शोषण असतंच, आणि कडेला ते जास्त असतं. त्यामुळे कडेचे पत्रे आधी जातात. नागपूरसाठी आयएस 875 भाग 3 (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) मध्ये वाऱ्याचा मूळ वेग 44 मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी 158 किमी आहे. स्वस्तातलं फिटिंग इतकं धरत नाही. आपल्या उन्हाने साध्या वॉशरचं रबर कडक होतं, स्क्रू सैल पडतो, पत्रा फडफडून भोक मोठं होतं.

नवीन बसवताना इपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं रबर) वॉशरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू घ्या. वळचण, मोभ आणि गॅबलच्या (त्रिकोणी टोकाच्या भिंतीच्या) कडेला पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर एक, मधल्या भागात एकाआड एक चालतो. कडेच्या पर्लिन 5 ऐवजी 4 फुटांवर. उरलेल्या छताचे स्क्रू बदलणं क्लेममध्ये बसणार नाही, ती सुधारणा धरतात, त्याचं कोटेशन वेगळं घ्या. एकाच बिलात घातलं तर सर्व्हेअर सगळ्याच बिलावर शंका घेतो.

पुठ्ठेवाला_वाडी
शटर अर्धं उघडं होतं. विमा 12 लाख आत्ता करून घेतला तर चालेल?

क्लेमवाला
पुढच्या वादळासाठी चालेल, या क्लेमला नाही. आणि इमारत पुनर्बांधणी किमतीवर मोजली असेल तर काम प्रत्यक्ष करून बिलं द्यावी लागतील; न करता पैसे मागितले तर घसारा (जुनेपणाची घट) कापून देतात.