मदत हवी आहे: सासऱ्यांना घेऊन मानसला (आसाम) जायचंय, गावात राहावं की नको?

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मानस राष्ट्रीय उद्यानात जायचं घाटतंय. मी, नवरा, नववीतली लेक आणि ७४ वर्षांचे सासरे. तिकडे जाऊन आलेल्यांनी कृपया वेळ काढून लिहा, कारण तिकिटं काढायची वेळ आली तरी घरात एकमत होत नाहीये.

आधी बाबांबद्दल सांगते, सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो. बाबा रेल्वेत होते. १९८९ ते १९९२ त्यांची बदली न्यू बोंगाईगावला होती. थंडीत आभाळ स्वच्छ असलं की क्वार्टरच्या मागून भूतानचे डोंगर दिसायचे. त्या डोंगरांच्या पायथ्याशीच मानस. तीन वर्षं तिथे काढली, पण मानसला जाणं झालं नाही ते नाहीच. १९८७ पासून बोडोलँडचं, म्हणजे बोडो लोकांच्या वेगळ्या राज्याचं, आंदोलन पेटलेलं, आज बंद तर उद्या संचारबंदी. रात्रीच्या गाडीआधी नुसतं इंजिन सोडायचे, रूळ शाबूत आहेत का बघायला. बाबा ते अजून सांगतात तेव्हा हाताने टेबलावर रूळ काढून दाखवतात. त्यांची बदली झाल्यावर १९९६ च्या डिसेंबरात कोक्राझारजवळ ब्रह्मपुत्र मेलमध्ये स्फोट झाला. त्या मार्गावरची माणसं त्यांच्या ओळखीची होती. त्यामुळे मानस बघायची सगळ्यात जास्त ओढ त्यांनाच आहे आणि सगळ्यात जास्त भीतीही त्यांनाच.

गेले दोन महिने मी जमेल तेवढं वाचतेय. मानसला १९८५ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला आणि १९९२ मध्ये ते ‘धोक्यातील वारसा’ यादीत गेलं. चौक्या जाळल्या गेल्या, वनरक्षक मारले गेले, शंभराच्या घरात असलेले गेंडे नव्वदच्या दशकात संपले. २००३ च्या फेब्रुवारीत बोडो करार झाला, आणि मला सगळ्यात हलवून गेलेली गोष्ट त्यानंतरची आहे. पूर्वेकडच्या कोकिलाबारी भागातल्या बोडो तरुणांनी माओझिगेंद्री नावाची संस्था काढली, शिकार करणाऱ्यांना बंदुका खाली ठेवायला लावल्या आणि त्यांनाच जंगलाच्या गस्तीवर घेतलं. कुठून सावज निघतं, कुठल्या वाटेने लाकूड बाहेर जातं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार! २००८ पासून पोबितोरा आणि काझीरंग्यातून गेंडे आणून सोडले, त्यातले काही पुन्हा शिकारीत गेले, तरी काम थांबलं नाही. २०११ मध्ये मानस त्या यादीतून बाहेर आलं.

म्हणून मला कोकिलाबारीतच राहायचं आहे. आपण देतो ते पैसे त्या गस्तीच्या गावात राहावेत असं मनापासून वाटतं. पण आम्ही ज्या एजंटशी बोललो तो म्हणाला, “गावात रात्र काढू नका, बांसबारी गेटजवळच्या रिसॉर्टात राहा, सकाळी जिप्सीने फिरा आणि निघा.” का, ते विचारलं तर “तो भाग तसाच आहे” एवढंच. बाबांनी तेवढंच धरून ठेवलंय. २०१४ च्या डिसेंबरातल्या हत्याकांडाच्या बातम्याही त्यांना आठवतात. २०२० मध्ये उरलेल्या सशस्त्र बोडो गटांबरोबरही करार झाला हे मी सांगते, पण करार कागदावर असतो आणि रात्र अंगणात काढायची असते, असं त्यांचं म्हणणं. ते चूक आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तर तिथे राहिलेल्यांनी सांगा: संध्याकाळनंतर गावात कसं असतं? बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, रात्री काही झालं तर काय सोय? मलेरियाचं कितपत मनावर घ्यायचं? आणि एक नाजूक प्रश्न. ज्यांनी एकेकाळी बंदूक धरली त्यांच्याच घरी जेवायला बसायचं, तर जुन्या गोष्टी विचाराव्यात का? लेकीला खूप विचारायचंय. बाबा म्हणतात, एक शब्द काढायचा नाही.

– सायली_म

रानपिंगळा:

सायलीताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी आईवडिलांना घेऊन कोकिलाबारीत तीन रात्री राहिलो. भीती कोणाची बाळगायची ते आधी सांगतो: हत्तींची. संध्याकाळनंतर ते जंगलातून शेतांकडे उतरतात. आमच्या यजमानांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की अंधार पडल्यावर फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही, संडासला जायचं तरी हाक मारायची. दुसऱ्या रात्री लांबून डबे बडवल्याचा आणि आरोळ्यांचा आवाज आला तेव्हा ते का सांगितलं ते कळलं. माणसांची भीती मला एकदाही वाटली नाही.

आपल्याकडची माणसं हमखास चुकतात ती वेळेत. तिकडे फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास अंधारतं. गुवाहाटीला दुपारी उतरून निघालात तर शेवटचा खराब रस्ता काळोखात येतो. सकाळचं विमान घ्या, नाहीतर गुवाहाटीत मुक्काम करा. निघायच्या आदल्या दिवशी यजमानांना फोन करून बंद वगैरे नाही ना ते विचारा. ‘आज येऊ नका’ म्हणाले तर ऐका, त्यांना कारण माहीत असतं.

उद्यानात सोबत बंदुकधारी वनरक्षक असतो. तो सांगेल तिथेच उतरायचं. गेंडा किंवा रानम्हैस दिसली की ड्रायव्हरला पुढे घ्यायला लावू नका, बक्षिशीचा मोह त्यांनाही असतो.

आणि एक सकाळ तृणमोरासाठी राखून ठेवा, बंगाली तृणमोर. कोकिलाबारीचं गवत त्याच्यासाठी नावाजलेलं आहे. काळा नर गवतातून सरळ वर उडतो, पांढरे पंख क्षणभर चमकतात आणि तो पुन्हा गवतात बुडतो. आम्ही मार्चमध्ये होतो. आमचा वाटाड्या तो दिसताच कुजबुजत आकडा मोजायचा, सकाळभरात किती उड्या झाल्या ते वहीत लिहायचा. तोच माणूस पूर्वी सापळे लावायचा, हे त्याने तिसऱ्या दिवशी आपणहून सांगितलं. आम्ही विचारलं नव्हतं. लेकीला एवढंच सांगा.

डॉ_अनुजा:

मलेरिया मनावर घ्याच. मच्छरदाणी, पूर्ण बाह्या, संध्याकाळी मोजे. प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या की नाहीत हे रक्तदाबाच्या औषधांची यादी बघूनच ठरतं, त्यामुळे निघायच्या तीन आठवडे आधी तुमच्या फिजिशियनला भेटा. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर ‘आसामला जाऊन आलो’ हे डॉक्टरला आधी सांगायचं. नेहमीच्या गोळ्या दुप्पट न्या, निम्म्या दुसऱ्या बॅगेत. गावातून जवळचा दवाखाना कुठला आणि रात्री गाडी कोणाची मिळेल, हे बुकिंगच्या वेळीच विचारून लिहून ठेवा. नीट उत्तर मिळालं तर तिथे राहायला हरकत नाही, उत्तर टाळलं तर राहू नका.

सायली_म:

दोघांचेही मनापासून आभार. अनुजाताईंचा प्रश्न मी काल फोनवर जसाच्या तसा विचारला. पलीकडच्या मुलाने दवाखान्याचं नाव, अंतर, आणि रात्री गाडी काढणाऱ्या चुलत्याचं नाव सांगितलं. मग त्यानेच विचारलं, आजोबांना खाली बसून जेवता येतं का, नाहीतर टेबल करून ठेवतो.

फोन स्पीकरवर होता. बाबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि मोडक्यातोडक्या असमियात बोलायला लागले, पस्तीस वर्षांनी. मुलाचे वडील तेव्हा बोंगाईगाव स्टेशनवर सुपारीच्या गोण्या उतरवायला यायचे म्हणे. दहा मिनिटं दोघं कुठल्यातरी फलाटाबद्दल बोलत होते.

दोन रात्री कोकिलाबारी, एक बांसबारी असं ठरलंय. आता फक्त एक सांगा: बांसबारीहून भूतानच्या सीमेवरच्या माथनगुरीपर्यंतचे वीसेक किलोमीटर उघड्या जिप्सीत बाबांच्या गुडघ्यांना झेपतील का? मध्ये उतरून पाय मोकळे करता येतात का? त्यांना मानस नदी त्या काठावरूनच बघायची आहे.