माळ्यावरची निळी फाईल: कंपनीचे अमेरिकन शेअर विकून रिटर्न भरताना तुमचं काय झालं?

मांजराकाठ
महालक्ष्म्यांसाठी माळा साफ करायला घेतलाय. मुखवट्यांची पेटी ओढली तर मागून एक निळी फाईल डोक्यात पडली. वर माझ्याच अक्षरात "शेअर २०१८, फेकू नये". उघडली आणि तिथंच स्टुलावर बसले. सासूबाई दोनदा डोकावून गेल्या, पोरगी पडली की काय म्हणून.

तेव्हा मी हिंजवडीला. कंपनी अमेरिकन. दर महिन्याच्या पगारातून थोडे पैसे कापायचे आणि सहा महिन्यांनी त्याचे कंपनीचेच शेअर १५ टक्के सवलतीत खात्यावर टाकायचे. अण्णांना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "शेअर म्हणजे कारखान्यासारखा का? मग दिवाळीला साखर किती देतेत?" म्हटलं अण्णा, साखर नाही, सवलत देतेत. "म्हंजे तेच की."

२०१८ च्या डिसेंबरात लातूरच्या घराच्या स्लॅबला पैसे कमी पडले. १२० शेअर विकले. कंपनीनं दिले त्या दिवशी बाजारभाव ४० डॉलर होता, माझ्याकडून घेतले ३४, आणि विकले गेले ४३ ला. ब्रोकरच्या कागदावर खरेदी ३४ छापलेली. मी शहाणी, ४३ मधून ३४ वजा केले, नऊ डॉलर नफा धरला, गुणिले १२०, डॉलर ७० रुपये, आणि टॅक्स भरून मोकळी. रिटर्न स्वतः भरलं म्हणून ऑफिसात पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

२०२१ मध्ये दुसऱ्या कंपनीत शेजारच्या टेबलावरची मुलगी तिचं १२बीए, म्हणजे पगाराशिवाय मिळालेल्या सवलतींचा कंपनीचा कागद, घेऊन बसली होती. हे काय असतं म्हणून डोकावले. सवलतीची रक्कम पगाराचा भाग म्हणून दाखवलेली, त्यावर टीडीएस कापलेला. घरी येऊन माझे जुने कागद काढले. फॉर्म १६ च्या मागं तेच पान होतं, मी कधी उलटलंच नव्हतं. म्हणजे सहा डॉलरवर पगारातून टॅक्स गेला होता, आणि त्याच सहा डॉलरवर मी नफा म्हणून परत भरला. माझी खरेदी ४० धरायची होती, नफा फक्त ३ डॉलर. ढोबळ हिशेबानं ५०,४०० रुपयांवर ३१.२ टक्के, म्हणजे १५,७०० च्या वर. रिटर्न सुधारायची मुदत तेव्हा संपलेली. स्लॅबच्या सळईचे पैसे होते हो ते.

अजून कुणी असे शेअर विकलेत का? लिहा काय काय झालं ते. मी पेटी पुसून येते.

बोरसुरी
हुबेहूब माझं. फक्त माझे ९,००० गेले. नवऱ्याला अजून सांगितलं नाही, हा धागा त्याला दाखवू नका

वाळूजचा_मिस्त्री
मी विकले नाहीत हीच माझी चूक. सांगतो.

आमची कंपनी इथं वाळूजला, पण मालक तिकडचे. ३८ शेअर होते माझ्याकडं. विकलेच नाहीत तर दाखवायचं काय, असं म्हणून दरवर्षी आयटीआर-१, तो सगळ्यात सोपा फॉर्म, भरायचो, पाच मिनिटांत काम. गेल्या साली नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर, मोबाईलवर मेसेज आला आयकर खात्याचा. तुमच्या नावावर परदेशी मालमत्ता असल्याची माहिती आहे, रिटर्नमध्ये दिसत नाही, तपासून बघा. बायकोनं वाचला. ती म्हणाली परदेशी मालमत्ता? कुठं? कुणाच्या नावावर?? तिच्या आवाजावरनं मला कळलं की खात्याच्या आधी घरात खुलासा द्यावा लागणार.

मग गुलमंडीवरच्या एका ओळखीच्या सीएकडं गेलो. तो म्हणाला, परदेशी शेअर नावावर असेल तर आयटीआर-१ चालतच नाही, आयटीआर-२ लागतो, आणि त्यात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता. एकही विकला नसला तरी. नाही दाखवलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाखांचा दंड लिहिलेला आहे. माझ्या शेअरची सगळी किंमत मिळून सव्वातीन लाख आणि दंड १० लाख! पाय लटपटले राव. त्यानंच मग पाणी दिलं आणि सांगितलं की १ ऑक्टोबर २०२४ पासून जमीन-घर सोडून बाकीची परदेशी मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर तो दंड लागत नाही. पण दाखवायचं तर आहेच. ३१ डिसेंबरच्या आत सुधारून भरलं.

त्यातली गंमत अशी की बाकी सगळं रिटर्न एप्रिल ते मार्च आणि हे एकटं शेड्यूल जानेवारी ते डिसेंबर. दर सहा महिन्याला मिळालेल्या शेअरची वेगळी ओळ, आणि प्रत्येक ओळीत घेतल्या दिवशीची किंमत, वर्षातली सगळ्यात जास्त किंमत, ३१ डिसेंबरची किंमत. दोन रात्री गेल्या. बायको शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होती, तिचा संशय तेव्हा फिटला.

सुशीलाप्रेमी
"घरात खुलासा" 😂😂 मिस्त्री भौ तुम्ही लिहीत जा

माजलगावकर
आमच्या घरी मी एकटाच कंपनीत, बाकी सगळे शेतीत. बाबांना सांगत होतो की बाबा विकल्यावर नफा काढायला मागच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा डॉलरचा दर धरतेत, स्टेट बँकेचा, टीटी बाइंग, म्हणजे बँक डॉलर विकत घेते तो. विकलं डिसेंबरात तर दर ३० नोव्हेंबरचा. बाबा म्हणले, मग आमचा कापूस पण मागच्या महिन्याच्या भावानं घ्या म्हनावं की. यावर मला काही बोलता आलं नाही.

बाकी ते जुने दर शोधताना लई घाम निघतो. बँक रोजचा दर रोज टाकते, जुना हवा असला की बसा हुडकत.

गोदातीर
धाग्याचा विषय नाही पण मांजराकाठ ताई, तुमच्याकडं महालक्ष्म्या उभ्या की बसलेल्या? आमच्या गंगाखेडला उभ्या. यंदा सोळा भाज्या कशा जमवायच्या, पावसानं सगळं सडलंय. भोपळा सोडून काही हाताला लागेना

मांजराकाठ
@गोदातीर उभ्याच. सोळाव्या भाजीला आमच्याकडं कढीपत्ता पण मोजतात, सासूबाईंचा जुना तोडगा आहे.
@माजलगावकर बाबांचं बरोबर आहे 😄

वहीखातं
परभणीत प्रॅक्टिस करतो. ऑफिसात गर्दी आहे, तुकड्या तुकड्यानं लिहितो.

ताईंची चूक दर साली माझ्याकडं चार-पाच जण घेऊन येतात. ज्या किमतीवर कंपनीनं पगारात टॅक्स धरला, तीच तुमची खरेदी किंमत. ब्रोकरचा कागद अमेरिकेच्या पद्धतीनं बनतो, त्याला आपल्या फॉर्म १६ शी देणंघेणं नाही. म्हणून १२बीए आणि खरेदीच्या दिवसाचा कंपनीचा कागद, दोन्ही समोर ठेवल्याशिवाय मी कॅल्क्युलेटरला हात लावत नाही.

पुढचं. अमेरिकेच्या बाजारात शेअर नोंदलेला असला तरी आपल्या बाजारात तो नाही, त्यामुळं एक वर्ष झालं की दीर्घ मुदत असं समजू नका. २४ महिने उलटले पाहिजेत. आत विकला तर नफ्यावर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याचा टॅक्स. २४ महिन्यांनंतरचा, २३ जुलै २०२४ पासून विकलेला असेल तर १२.५ टक्के, महागाईच्या निर्देशांकानं खरेदी किंमत वाढवून मिळत नाही. त्याआधी २० टक्के होता, निर्देशांक धरून. २०२४-२५ सालच्या फॉर्ममध्ये म्हणून त्या तारखेच्या आधीची विक्री आणि नंतरची विक्री वेगळी विचारली होती.

थांबा, पक्षकार आला.

देवगिरीतला_प्रवासी
मी आत्ता रेल्वेत बसून तेच करतोय. नांदेडहून निघालो, मोबाईलवर रिटर्न भरून झालं, आता ई-व्हेरिफाय करायचंय, ओटीपी येईना. परभणी सोडलं.

बोरसुरी
@देवगिरीतला_प्रवासी मोबाईलवर आयटीआर-२??? तुमच्या पायाचं तीर्थ पाठवा

जर्सीतली_नांदेडकरीण
इकडं न्यू जर्सीत सकाळ आहे, चहा घेत वाचतेय आणि हसतेय, कारण हीच चूक इकडची माणसं पण करतात. आमची मुदत १५ एप्रिल. ब्रोकरचा १०९९-बी, म्हणजे विक्रीचा कागद येतो, त्यात खरेदी म्हणून सवलतीतली किंमत. आणि ती सवलत विकल्या वर्षी कंपनीनं डब्ल्यू-२ मध्ये, म्हणजे इकडच्या फॉर्म १६ मध्ये, पगारात आधीच मिळवलेली असते. सॉफ्टवेअरला तो कागद जसाच्या तसा दिला की दोनदा टॅक्स. दुरुस्ती फॉर्म ८९४९ वर करायची, बी कोड टाकून जी रकान्यात फरक वजा. माझ्या पहिल्या वर्षी मला हे कोण सांगणार? नवऱ्यानं सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवला, मी नवऱ्यावर.

अजून एक इकडचं. ऑफर सुरू झाल्यापासून २ वर्षं आणि खरेदीपासून १ वर्ष, दोन्ही होईपर्यंत थांबलं तर सवलतीचा हिशेब निराळा होतो आणि बहुतेकदा टॅक्स कमी बसतो. आम्ही थांबलो. थांबलो आणि शेअर अर्ध्यावर आला. टॅक्स वाचला, एवढं मात्र खरं.

नांदेडला पाऊस कमी झाला का? आईचा फोन लागत नाहीये कालपासून.

देवगिरीतला_प्रवासी
@जर्सीतली_नांदेडकरीण ताई मी मघाशी नांदेडातूनच निघालो, आमच्या भागात पाऊस थांबलाय, नेटवर्कच खराब आहे. काळजी करू नका. कुठला भाग?

जर्सीतली_नांदेडकरीण
वजिराबाद. खूप बरं वाटलं दादा.

सुशीलाप्रेमी
एक अडाणी प्रश्न. आपण इथं राहतो, शेअर तिकडं विकले, मग अमेरिकेला पण रिटर्न भरायचं का?

वहीखातं
@सुशीलाप्रेमी इथल्या रहिवाशाच्या साध्या शेअरविक्रीच्या नफ्यावर तिकडं टॅक्स नाही. ब्रोकरकडं डब्ल्यू-८बेन, म्हणजे आपण तिकडचे रहिवासी नाही हे सांगणारा फॉर्म, भरून ठेवलेला असावा. लाभांश मिळाला तर त्यावर मात्र तिकडं २५ टक्के कापतात. तो लाभांश इथं पूर्ण दाखवायचा आणि कापलेल्याचं श्रेय घ्यायला फॉर्म ६७ भरायचा. लोक रकमेकडं बघून सोडून देतात, साहेब आठशे रुपयांसाठी कुठं एवढं. श्रेय सोडायचं तर सोडा, पण लाभांश दाखवायचा सोडू नका.

मघाशी राहिलेलं. बऱ्याच कंपन्या शेअर देतानाच त्यातले काही विकून त्यातून टीडीएस भागवतात. ती पण विक्रीच झाली. नफा शून्याच्या आसपास असतो, म्हणून कुणी लिहीत नाही. लिहा.

मी_धाराशिवचा
माझा नफाच नव्हता, तोटा. २०२२ ला सगळेच शेअर पडले होते तेव्हा घाबरून विकले. ८० हजार तोटा. म्हटलं तोट्याला कसला टॅक्स, कशाला घाई, रिटर्न टाकलं मुदतीनंतर डिसेंबरात. पुढच्या साली गावाकडचा प्लॉट विकला, चांगला नफा झाला, तेव्हा कळलं की तोटा ८ वर्षं पुढं नेता येतो पण रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच. ८० हजार आधी बाजारात बुडाले आणि मग माझ्या आळसात बुडाले. बायको अजून म्हणते, तुळजापूरला नवस बोललेला फेडला नाही म्हणून झालं. मी वाद घालत नाही.

वाळूजचा_मिस्त्री
@मी_धाराशिवचा नवस फेडा भौ. रिस्क कशाला

गोदातीर
कढीपत्त्याची आयडिया सासूबाईंना सांगितली, त्या म्हणतात चालत नाही. पण मोजला मी

माजलगावकर
वहीखातं काका, एक विचारायचं होतं. आगाऊ कर पण भरायचा असतो का शेअर विकल्यावर? मला २३४सी चं व्याज लागलंय १,१०० रुपये, कशाचं तेच कळेना

वहीखातं
त्याचंच. शेअर विकला त्या तिमाहीपासूनच्या हप्त्यांत टॅक्स भरायला पाहिजे होता, तुम्ही थेट रिटर्नच्या वेळी भरला असणार. विकला कधी?

माजलगावकर
ऑगस्टात. बहिणीच्या लग्नासाठी. आगाऊ फक्त बँड लावला होता काका

मांजराकाठ
पेटी पुसून झाली, मुखवटे उन्हात ठेवलेत. ऊन म्हणजे काय, असंच, ढगात.
अण्णा आलेत सणाला. फाईल हातात बघून म्हणाले, "त्या अमेरिकेच्या कारखान्याची का? आमच्या कारखान्यानं तर आमच्या साखरेवर दोनदा टॅक्स नव्हता घेतला कधी." मी त्यांना पुरणाची डाळ निवडायला बसवलंय.

बोरसुरी
अण्णांना वेगळा धागा द्या

देवगिरीतला_प्रवासी
सेलू आलं. ओटीपी पण आला. पण त्याची वेळ संपलेली. परत मागवलाय, आता गाडी हलली.

वहीखातं
@देवगिरीतला_प्रवासी भरल्यापासून ३० दिवस असतात, एवढी घाई नाही. घरी जाऊन करा.

देवगिरीतला_प्रवासी
घरी गेलो की विसरतो सर, गेल्या साली तसंच झालं. परतूरला बघतो.