मदत हवी आहे: महूकडच्या सराव-मैदानाची माती वाहून चालली आहे

नमस्कार मंडळी,

मी इंदूरचा, मृद-जलसंधारणाची छोटी कामं घेतो. सध्या महूकडच्या एका लष्करी सराव-मैदानाचं काम आलंय. (फोटो-नकाशा मागू नका, कारण उघड आहे.)

जमीन माळव्याची काळी, खाली मुरूम, उतार तीन-चार टक्के. गाड्या सरळ जातात तिथे फारसं बिघडत नाही. साखळीपट्ट्याची गाडी जागच्या जागी वळते तिथे मात्र गवत मुळासकट निघतं. पावसाळ्यात चाकोऱ्यांतून पाणी धावतं, त्यांच्या घळी होतात. घळ टाळायला ड्रायव्हर बाजूने नवी वाट पाडतात, की उघडी जमीन आणखी वाढली.

नगरकडचा मित्र म्हणतो, समपातळी चर खण, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीतले. त्याच्याकडे पाऊस कमी, तिथे ते चालतं. इथे साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि काळी माती एकदा फुगली की पाणी आत घेत नाही. चर तुंबणार, फुटणार. शिवाय रात्रीच्या सरावात जवान चरात पडला तर मला कोण सोडेल? झाडंही नकोत, माऱ्याची रेषा अडते.

ढाळीचे बांध (पाणी न अडवता हळूहळू बाजूला काढणारे) इतके बुटके आणि पसरट घालता येतील का, की गाडी वरून जाईल? गवत म्हणून मारवेल डोक्यात आहे. ट्रॅकखाली ते तगेल?

प्रतिसाद:
पसरट बांध चालतील, पण ओलांडायच्या जागा ठरवून तिथे दगड भरा. खाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं जाड कापड) हवंच, नाहीतर काळी माती दगड गिळते. वळायच्या जागांनाही तेच. घळीत दगडी बांध घालताना खालच्याचा माथा वरच्याच्या पायथ्याच्या पातळीत ठेवा. टेक्सासच्या फोर्ट हूडला रणगाड्यांच्या मैदानावर असे बांध आणि समपातळीवर खोल नांगरट, दोन्ही केलंय. नांगरट माती कोरडी असतानाच करा, ओलीत केली तर उलट चोपून बसते. मारवेल चांगलं, पण रोज तुडवलं तर कुठलंच गवत टिकत नाही. पट्टे पाडून आळीपाळीने विश्रांती द्या. आणि मोठ्या पावसानंतर जमीन वाफशावर येईपर्यंत, म्हणजे जादा ओल ओसरेपर्यंत, जड गाड्या बंद.

धागाकर्ता:
आभार. दगड आणि जिओटेक्स्टाइल अंदाजपत्रकात धरतो. पट्ट्यांचं साहेबांच्या गळी उतरवता येईल, पण पावसातली गाडीबंदी मान्य होईल असं वाटत नाही, सरावाचं वेळापत्रक आभाळ बघून ठरत नाही. निदान एक बारमाही पक्की वाट मागू का? काळ्या मातीवर तिचा थर किती जाडीचा धरावा?