मदत हवी आहे: सागवानी फळ्या आणि सिरॅमिक टाइलमधला सांधा (सोलापूर)

हॉलमध्ये प्लायवर ठोकलेल्या १८ मिमी सागवानी फळ्या आहेत, स्वयंपाकघरात सिरॅमिक टाइल. मधल्या उघाडीची रुंदी ९०० मिमी, दार नाही. लाकूड टाइलपेक्षा ६ मिमी उंच आणि मधली फट १४ मिमी. हे माप मे महिन्यातलं आहे. फळ्या उघाडीला समांतर आहेत, त्यामुळे पावसाळ्यात त्या फुगतात त्या नेमक्या याच फटीत.

व्हाइट सिमेंट भरून पाहिलं, पहिल्याच पावसाळ्यात तडकलं. सिलिकॉन तळापर्यंत भरलं होतं. ते खालीही चिकटल्याने ताणलं गेलं नाही, टाइलच्या कडेने सुटलं. अ‍ॅल्युमिनियमची टी-पट्टी दोन्ही बाजू समपातळीत असतील तरच बसते, इथे ती डुगडुगते.

आता ४५ मिमी रुंद उतरती पट्टी बसवायचा विचार आहे: टाइलवर चिकटवायची, लाकडावर नुसती १२ मिमी टेकवायची. टाइलखालून पाण्याचा पाइप गेलाय, म्हणजे ड्रिल बाद. मिस्त्री ग्रॅनाइटचा उंबरा सुचवतात, पण घरात वॉकर वापरणारं माणूस आहे. शिवाय स्वयंपाकघर रोज ओल्या फडक्याने पुसलं जातं.

स्क्रूशिवाय, फक्त पीयू (पॉलीयुरेथेन) अ‍ॅडहेसिव्हवर अशी पट्टी पायाखाली टिकते का? पट्टी सागवानाची केली तर तिची पातळ कड टाइलजवळ कपचे उडून जाईल असं वाटतं. मग पितळी घ्यावी का, आणि ६ मिमी उताराची तयार पितळी पट्टी सोलापुरात मिळते की पुण्याहूनच मागवावी लागेल?