ड्राइव्ह-थ्रू बांधण्याआधी सिम्युलेशन हवंच का?

रांगकर
अमेरिकेतल्या बर्गरच्या दुकानांत ड्राइव्ह-थ्रूच्या लेनचा, म्हणजे गाडीत बसूनच ऑर्डर देऊन खाणं घ्यायच्या रांगेचा, आराखडा सिम्युलेशनमध्ये (संगणकावर नकली गाड्या सोडून) चालवून पाहिल्याशिवाय मेनू बोर्डाचा, जिथे गाडी थांबून ऑर्डर देते त्याचा, पाया खणू नये, असं माझं ठाम मत आहे. नुसत्या सरासरीवर गेलं की फसगत होते. खिडकीवर गाडीमागे सरासरी 60 सेकंद, म्हणजे तासाला कमाल 60 गाड्या. तासाला 45 आल्या तर रांगेच्या साध्या सूत्राने सरासरी खोळंबा 3 मिनिटं. 54 आल्या तर 9. गाड्या 20 टक्के वाढल्या, खोळंबा तिप्पट! आणि हे झालं एकाच खिडकीचं. खऱ्या लेनमध्ये बोर्ड, पैशांची खिडकी, खाण्याची खिडकी एकामागे एक असतात, गाडीला ओलांडून जाता येत नाही. शेवटची खिडकी अडली की मागचं सगळं अडतं. तिथे सूत्र पुरत नाही.

मोजपट्टी
गणित मान्य. पण मॉडेलमध्ये घालायचे आकडे कुठून आणणार? दुकानाचा टायमर डांबराखालच्या लूपवर (गाडी ओळखणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर) चालतो आणि बहुतेकदा बोर्डापाशी सुरू होतो. त्याआधीची रांग त्यात येत नाही, रांग बघून परस्पर निघून गेलेली गाडीही नाही. वेळ कमी दिसावी म्हणून मोठ्या ऑर्डरची गाडी पुढे पार्किंगमध्ये घ्यायला सांगतात. घड्याळ थांबतं, गिऱ्हाईक ताटकळतंच. त्यापेक्षा आठवडाभर टॅबलेट घेतलेली दोन माणसं लेनमध्ये उभी करा. चिक-फिल-ए ही तिकडची चिकन सँडविचची साखळी अशा ऑर्डरी घेतेच.

रांगकर
टायमरवर भिस्त नकोच. प्रवेशापाशी कॅमेरा लावून 11 ते 2 मोजा, परत फिरणाऱ्या गाड्यांसकट. टॅबलेटने ऑर्डरची जागा हलते, खिडकी हलत नाही. आणि नव्या प्लॉटवर अजून दुकानच नसतं. बोर्ड आणि खिडकी यांच्यात 2 गाड्या मावत असतील तर गर्दीत स्वयंपाकघराला दोनेक मिनिटं मिळतात. फ्राइज तळायलाच सुमारे 3 लागतात! 4 गाड्यांची जागा ठेवली तर तळण वेळेत निघतं, पण बोर्ड मागे सरकतो आणि रांगेचं शेपूट रस्त्यावर जातं. गाडीला साधारण 20 फूट धरा. मधे 2, 3, 4, 5 गाड्यांची जागा असे चारही पर्याय, गाड्यांचा तोच क्रम देऊन, प्रत्येकी निदान 30 दिवस चालवा.

तळणकट्टा
रांग वाढली की माणसांचे हातही भरभर चालतात. सेवेचा वेळ रांगेपासून अलग धरलात तर मॉडेल वास्तवापेक्षा लांब रांग दाखवेल. ज्या दिवसांचे आकडे मॉडेलमध्ये घातले नाहीत, त्या दिवसांच्या रांगेशी ताडून बघा.

मोजपट्टी
आणि आतला काउंटर, डिलिव्हरी ॲपच्या ऑर्डरी? फ्रायर तोच असतो. तो भार मॉडेलमध्ये असेल, तरच बोर्डाच्या अंतराचं तुमचं उत्तर मी धरीन.