भाचीच्या हृदयात गाठी, एव्हरोलिमस द्यायचं म्हणतात. कोणाला अनुभव आहे का?

देवगडचा मामा:
नमस्कार मंडळी. ताईला कुडाळला मुलगी झाली, आज 11 दिवसांची आहे. सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीतच हृदयात काहीतरी दिसलं होतं पण तेव्हा कोणी नीट समजावलं नाही, जन्मल्यावर श्वास जोरात चालायला लागला म्हणून मुंबईला हलवली, तिथे एको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर तीन गाठी, आणि मोठी गाठ डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडतं नेमकी तिथेच. ऱ्हॅब्डोमायोमा म्हणाले. ऑपरेशन आत्ता नको, आधी एव्हरोलिमस देऊन बघू म्हणतात. नेटवर बघितलं तर ते कॅन्सरचं आणि किडनी बदललेल्यांचं औषध! आईने इकडे देव पाण्यात ठेवलेत, तिला काय सांगू? कॅन्सर आहे का हा?

बालरोगवाला, चिपळूण:
कॅन्सर नाही, आईंना आधी हेच सांगा. ही गाठ शरीरात पसरत नाही. नवजात बाळांच्या हृदयात सापडणाऱ्या गाठींमध्ये हीच सगळ्यात जास्त दिसते आणि बहुतेक वेळा पहिल्या काही वर्षांत आपोआप लहान होते, म्हणून त्रास नसेल तर आम्ही नुसते एको करत राहतो. तुमच्या भाचीची वाट अडलीय म्हणून औषध. अशा एकाहून जास्त गाठी असल्या की ट्युबरस स्क्लेरॉसिस (मेंदू, हृदय अशा अवयवांत गाठी होण्याचा जनुकीय आजार) असण्याची शक्यता खूप असते, त्यात टीएससी1 किंवा टीएससी2 जीन बिघडलेलं असतं, त्यामुळे एमटॉर नावाचं पेशी वाढवणारं बटण सतत चालूच राहतं. एव्हरोलिमस आणि त्याच जातीचं सिरोलिमस तेच बटण बंद करतात. हृदयाच्या गाठीसाठी औषधाच्या कागदावर मान्यता लिहिलेली नाही, तरी अडथळा असलेल्या बाळांमध्ये काही आठवड्यांत गाठ आकसल्याचे अनुभव छापून आलेत. बंद केल्यावर थोडी परत वाढू शकते, तेव्हा एको चालू ठेवायचे.

आता महत्त्वाचं. कुडाळला बीसीजी (टीबीची लस) दिलीय का? हे औषध प्रतिकारशक्ती कमी करतं आणि बीसीजी, तोंडावाटे पोलिओ, रोटाव्हायरस या जिवंत लसी आहेत. दिली असेल तर तारखेसकट मुंबईच्या डॉक्टरांना सांगा, पुढची लस त्यांना विचारल्याशिवाय नको.

आई, रत्नागिरी:
मामा, माझा मुलगा आता 4 वर्षांचा आहे, त्याला हेच औषध मिळालं होतं. पाण्यात विरघळणारी गोळी होती, मी हातमोजे घालून करायचे, घरात कोणी गरोदर असेल तर तिला हात लावायला देऊ नका. दर थोड्या दिवसांनी रक्तातली औषधाची लेव्हल बघायचे, एवढ्याशा हातातून रक्त काढताना माझाच जीव जायचा. तोंडात फोड आले होते, दूध प्यायचा नाही, तेव्हा डोस कमी केला. घुटी, मध, जायफळ काही चाटवू नका, सासूबाई रागावल्या तरी चालतील. बारसं आम्ही खूप पुढे ढकललं, गर्दी नकोच.

आणि एक सांगते, कोणी मला वेळेवर सांगितलं नव्हतं. ट्युबरस स्क्लेरॉसिस असेल तर फिट्स येऊ शकतात, पुढच्या काही महिन्यांत बाळ एकामागून एक दचकल्यासारखं हात झटकायला लागलं, मान खाली घालायला लागलं तर लगेच मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि न्यूरोच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. आम्ही पोटात दुखतंय समजून आठ दिवस घालवले. अजून त्या आठ दिवसांचं वाईट वाटतं.

बालरोगवाला, चिपळूण:
ताईंनी फार मोलाचं सांगितलं. त्यात भर एवढीच, झटक्यांसाठी फिनोबार्ब हे फिट्सचं औषध चालू केलं तर एव्हरोलिमसची लेव्हल खाली जाते आणि बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल दिलं तर वर जाते, म्हणून नवीन कुठलंही औषध हृदयाच्या डॉक्टरांच्या कानावर घालूनच.

मालवणची मावशी:
घाबरा नको रे बाबा. रवळनाथाक गाऱ्हाणां घालतंय पोरीसाठी.

देवगडचा मामा:
सगळ्यांचे खूप खूप आभार, आईला वाचून दाखवलं, कॅन्सर नाही ऐकून पहिल्यांदा दोन घास जेवली. कुडाळला फोन केला, बीसीजी आणि पोलिओचे थेंब दुसऱ्याच दिवशी दिलेत, मुंबईत कोणी विचारलंही नव्हतं आणि आम्हीही सांगितलं नाही. ताईला आत्ताच कळवलं, ती राउंडला डॉक्टरांना सांगतेय. लसीचं कार्ड कुडाळला घरीच राहिलंय, ते घेऊन आज रात्रीच्या कोकणकन्येने निघतो.